बूट कुणाच्या मापाचा?

गोराई दोन आहेत. खाडीच्या अलीकडची, म्हणजे बोरिवलीची: म्हाडाच्या इमारती, शेअर रिक्षा, जेट्टी. आणि पलीकडची: गाव, कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती, पॅगोडाचा सोनेरी कळस, आणि २०२२पर्यंत एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेल्या त्या पार्कात बर्फाची रिंक होती. मे महिन्यात घामाघूम होत लाँचने खाडी ओलांडायची आणि पलीकडे जाऊन बर्फावर उभं राहायचं, हा प्रकार पश्चिम उपनगरातल्या निदान दोन पिढ्यांना ठाऊक आहे. बहुतेकांचं स्केटिंग तिथेच सुरू झालं आणि तिथेच, कठड्याला धरून, संपलंही.

आता ती रिंक नाही. पण ‘युरी ऑन आइस’ पाहिलेली, युझुरू हन्यूची रील्स रात्री दोनपर्यंत बघणारी पिढी आहे. आणि उपनगरांत बर्फाशिवायही चालणारं एक भावंड आहे: आर्टिस्टिक रोलर स्केटिंग. त्याच उड्या, त्याच गिरक्या, तेच संगीत; फक्त पात्याऐवजी चार चाकं. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१०च्या ग्वांगझू आशियाई खेळांत याच प्रकारात दोन कांस्यपदकं मिळवली, एकेरीत आणि अवनी पांचाळबरोबर जोडीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालेला हा छंद एखादीच्या अंगात भिनला की दोन-तीन वर्षांत एक दिवस कोच सांगतो, आता हिला चांगले बूट घ्या. आणि घरात एक नवाच शब्द शिरतो: कस्टम.

हा लेख त्या शब्दाबद्दल आहे. बर्फ असो की चाकं, वरचा बूट जवळपास एकच, आणि तो बनवणारी नावंही बरीचशी तीच. नेहमीच्या तुलनांमध्ये वजन, किंमत, रंग आणि ‘कोण चॅम्पियन काय घालतो’ एवढंच असतं. मला त्यात रस कमी आहे. प्रत्येक निर्माता ‘तुमच्या मापाचा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नक्की काय असतं, आणि माप चुकलं तर नमतं कोण घेतं, बूट की पाय, हे मला पाहायचं आहे.

आधी बुटाचं काम काय ते समजून घेऊ. आइस स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं असतं, आणि तेही सपाट नाही. मधोमध खोलगट घासलेलं, म्हणजे दोन कडा तयार होतात. स्केटर उभी असते ती बहुतेक वेळा यातल्या एका कडेवर. घोटा अर्धा अंश आत पडला तरी कड बदलते. त्यातून उडी मारून एका पायावर उतरायचं, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर झेलत, दिवसाला पन्नास-पन्नास वेळा. म्हणून बूट कडक हवा. पण खाली उतरताना गुडघा आणि घोटा वाकायलाही हवेत, नाहीतर तो धक्का वर गुडघ्यात, कमरेत जातो. म्हणून बूट वाकायलाही हवा. कुठल्याही निर्मात्याचा बूट हाती घ्या, या भांडणात त्याने कुणाची बाजू घेतली ते त्याच्या शिवणीत दिसतं.

भाड्याच्या रिंकवरचे स्केट्स या भांडणात पडतच नाहीत. जगात कुठेही जा, प्लास्टिकचं कवच, वर दोन-तीन बकल, आत शेकडो पायांनी दाबून चपटं केलेलं अस्तर. तो बूट कुणाच्याच मापाचा नसतो, आणि तसा दावाही करत नाही. मला तो त्या अर्थाने प्रामाणिक वाटतो. लहानपणीचे लोखंडी रोलर स्केट आठवतात? खाली नट सैल करून लांबी वाढवायची, आपलेच कॅनव्हासचे बूट त्यात अडकवायचे आणि पट्टे आवळायचे. तीन भावंडांत एक जोड. भाषेच्या अंगाने पाहिलं तर त्याच्याइतकं ‘अ‍ॅडजस्टेबल’ काही निघालेलं नाही.

मापाचा बूट या कल्पनेचं जुनं, अस्सल रूप पाहायचं तर कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसच्या हार्लिककडे जावं लागतं. १९३३पासूनची ही कार्यशाळा. पद्धत ओळखीची वाटेल: कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ ओढा, मग पंजा, कमान, टाच, घोटा, पोटरी अशा ठरलेल्या ठिकाणी टेप फिरवून घेर लिहा. डावा वेगळा, उजवा वेगळा. पंज्याला एक रुंदी आणि टाचेला दुसरी, असंही मागता येतं. घोट्याचं हाड बाहेर आलं असेल तर आतून तिथे जागा कोरून घेता येते. कातडं, अस्तर, जिभेचा प्रकार, कडकपणा, सगळं तुम्ही सांगायचं. मग फर्म्यावर चामडं ताणून बूट उभा राहतो. तळ चामड्याचा, टाच थरावर थर चढवलेली.

हे वाचताना कोल्हापूरकडच्या वाचकाला नवल वाटणार नाही. पावलाखाली कागद ठेवून माप काढणं आपल्याकडच्या कारागिरांनाही ठाऊक आहे. आणि पुढचा भागही ओळखीचा आहे: असा बूट पहिल्या दिवशी चावतो. कोल्हापुरी जशी सुरुवातीचे आठ दिवस चावते, अंगठ्याला फोड आणते, मग तेलपाणी खाऊन पायाची होते, तसंच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं पायाचा आकार लक्षात ठेवतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हार्लिकचा बूट मोडून घ्यायला काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत दोघंही थोडं थोडं नमतात, पण जास्त नमतो बूट. झिजला तर तळ काढून नवा घालता येतो, कारण तो शिवलेला, चिकटवलेला, खिळे मारलेला आहे. साच्यातून एकसंध ओतलेला नाही.

दोष? वजन. जड आहे. चामड्याचा तळ ओल धरतो, म्हणून त्याला लाखेचा किंवा मेणाचा हात द्यावा लागतो, पात्याचे स्क्रू वेळेवर तपासावे लागतात. मुंबईच्या जुलैत कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर जी हिरवी बुरशी येते, ती या बुटांवरही येणार. शिवाय हाताने काम म्हणजे हाताची चूकही आली. दोन जोड अगदी एकसारखे येतीलच असं नाही. तरीही समीक्षक म्हणून विचाराल तर या बुटाची विचारसरणी मला सर्वांत सरळ वाटते: पाय जसा आहे तसा मान्य करायचा आणि मग काम सुरू करायचं.

इटलीच्या उत्तरेला, ट्रेविझो प्रांतात, माँतेबेल्लुना नावाच्या गावाभोवती गिर्यारोहणाचे आणि स्कीचे बूट बनवणाऱ्यांची दाट वस्ती आहे. एखाद्या गावात घरोघरी मागच्या खोलीत एकच धंदा चालावा तशी. त्याच पट्ट्यातली एडेआ ही कंपनी २०००च्या आसपास सुरू झाली, आणि पंधरा-वीस वर्षांत तिने फिगर स्केटिंगच्या बुटाचं रूपच बदललं. कृत्रिम मटेरियल, चामड्याच्या थरांऐवजी साच्यातला तळ, पोकळ टाच, आणि हातात घेताच जाणवणारा हलकेपणा. हन्यूच्या पायात हेच. मॉडेलांची नावं ओव्हर्चर, कोरस, कॉन्चेर्तो, पियानो, म्हणजे जाहिरात खात्यातलं कुणीतरी संगीताच्या क्लासला जात असणार.

एडेआची मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि प्रत्येक लांबीला अनेक रुंद्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हीच ‘कस्टम’ वाटते, इतके पर्याय आहेत. पण नीट पाहा. इथे फर्मा आधी ठरलेला आहे. त्या फर्म्याच्या शंभर छटा कंपनीकडे आहेत आणि त्यातली तुमच्या पायाच्या सर्वांत जवळची कोणती, एवढंच तुम्ही शोधता. बूट तापवून थोडा जुळवता येतो, पण मूळ आकृती त्यांची: टाचेशी घट्ट, घोट्याभोवती आवळलेला. ज्यांचा पाय त्या आकृतीत बसतो त्यांच्यासाठी हा बूट खरोखर सुंदर आहे. पहिल्या दिवसापासून जवळपास तयार, पाण्याची भीती नाही, आणि उडीच्या दहाव्या मिनिटाला पाय जड न होणं ही काही छोटी गोष्ट नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्यांचा पाय त्यात बसत नाही, त्यांना हा बूट फार सभ्यपणे सांगतो की चूक तुमच्या पायाची आहे.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. १९९२ साली कर्नाटकातल्या दोन डॉक्टरांनी, राव आणि जोसेफ यांनी, २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. वय चार ते तेरा. नेहमी पादत्राण घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्क्यांना, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्क्यांना. बंद बूट घालणाऱ्यांत चपला-सँडलवाल्यांपेक्षा जास्त. म्हणजे ज्या वयात पाऊल घडत असतं त्या वयात बूट पावलाला घडवतो. आणि अनवाणी किंवा चपलेत वाढलेला पंजा पुढून पसरट असतो, बोटं मोकळी असतात. घरात अनवाणी, खाली चपला, शाळेत तेवढा बूट, असं वाढणारी आपल्याकडची मुलं पाहिली की इटालियन फर्म्यातली ती निमुळती टाच आणि हा पसरट पंजा यांचं गणित जुळायला कष्ट पडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लांबी बरोबर आली की पंजा आवळतो. पंजा बरोबर आला की टाच आत उचलली जाते. टाच उचलली जाऊ लागली की मूल लेस अजून आवळतं, आणि घोट्यासमोरच्या स्नायुबंधावर लेस रुतू लागते. मग टाचेमागे हाडाची गाठ, घोट्यावर पाण्याची गादी. या सगळ्याला स्केटर मंडळी फुशारकीने ‘स्केटरचे पाय’ म्हणतात. मला तो शब्द कौतुकाचा वाटत नाही.

जॅक्सन अल्टिमा ही कॅनडातल्या ओंटारिओची कंपनी या दोघांच्या मधली. तिची खरी करामत म्हणजे भट्टी. दुकानातला माणूस तयार बूट छोट्या ओव्हनमध्ये काही मिनिटं तापवतो, गरम बुटात तुम्ही पाय घालून बसता, थंड होईपर्यंत बूट तुमचा होतो. पुन्हा तापवता येतो. घोट्याजवळ टोचतंय तर तेवढाच भाग तापवून आतून फुगवता येतो. यांच्याकडे माप देऊन बनवण्याचीही सोय आहे, पण जॅक्सनचं जगभर चालणारं नाणं हे तयार बूटच: सुरुवातीच्या मुलीपासून चौपट उडीवाल्यापर्यंत कडकपणाची एक शिडी, आणि प्रत्येक पायरीवर बऱ्यापैकी रुंदी. दिसायला एडेआच्या शेजारी हा बूट थोडा सरकारी वाटतो. शिवणीत नखरा नाही. पण पसरट पंज्याला जागा देतो आणि वाढत्या पायाला दुरुस्तीची सवड देतो, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला तरी याहून मोठा गुण सुचत नाही.

याच कंपनीने एकदा खरं धाडस केलं होतं, ते विसरलं जाऊ नये. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात जिम रिचर्ड्स यांच्या गटाने घोट्याशी बिजागरी असलेला बूट तयार केला: कडेने कडक, पण पुढेमागे मोकळा, म्हणजे उतरताना घोटा वाकावा आणि धक्का वाटून घ्यावा. जॅक्सनने तो प्रोफ्लेक्स नावाने बाजारात आणला, या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. चालला नाही. तंत्र बदलावं लागत होतं, आणि तो दिसायला स्कीच्या बुटासारखा होता. फिगर स्केटिंगमध्ये दिसण्याला गुण असतात, हे ध्यानात घ्या. सोन्या हेनीने १९२०-३०च्या दशकांत पांढरे बूट रूढ केले, तेव्हापासून मुलींचा पाय म्हणजे पांढरा, लांबसडक, अखंड रेषेत, असं डोळ्यांत बसलेलं आहे. त्या रेषेत बिजागरी बसली नाही. शंभर वर्षांच्या बुटांच्या इतिहासात पायाची बाजू घेणारी सर्वांत मोठी कल्पना नजरेपुढे हरली. या खेळातल्या सौंदर्यदृष्टीवर याहून कडक टीका मला लिहिता येणार नाही.

रिडेल ही मिनेसोटातल्या रेड विंगची, १९४५पासूनची, नवरा-बायकोने सुरू केलेली. रोलरवाल्यांना हिचं नाव जास्त जवळचं. चाकांच्या बुटांत तिचा दबदबा आहे, आणि माप घेऊन बनवण्याची तिची परंपराही जुनी. हार्लिकची सावली, थोडी कारखानदारी अंगाची, एवढं म्हणून पुढे जाऊ. रिसपोर्ट एडेआची शेजारीण, थोडी रुंद मनाची. स्वित्झर्लंडच्या ग्राफबद्दल माझं मत बनण्याइतकी ती आपल्याकडे पायांत दिसत नाही.

आता गोराईच्या अलीकडच्या किनाऱ्यावर परत येऊ, कारण खरा पेच इथे आहे.

वर सांगितलेल्या प्रत्येक पद्धतीत एक माणूस गृहीत धरलेला आहे. हार्लिकचा कागद भरताना टेप किती आवळायचा हे जाणणारा. एडेआची रुंदी निवडताना मुलीला उभं करून, गुडघा वाकवायला लावून टाच बघणारा. जॅक्सनची भट्टी चालवणारा. इंग्रजीत त्याला फिटर म्हणतात. बुटाच्या किमतीत तो दिसत नाही, जाहिरातीत तर नाहीच. पण टोरोंटोतल्या मुलीचा बूट आणि बोरिवलीतल्या मुलीचा बूट यांत जो फरक पडतो तो कंपनीमुळे कमी आणि या माणसामुळे जास्त. टोरोंटोची मुलगी आठव्या दिवशी परत जाते, म्हणते इथे दुखतंय. बोरिवलीच्या मुलीचे आईवडील फरशीवर कागद पसरतात, पायाभोवती रेघ ओढतात, फोटो काढून पाठवतात. रेघ पेन्सिलने ओढली की जाड मार्करने, पेन उभं होतं की तिरकं, मूल बसलं होतं की उभं, यात पाच-सात मिलिमीटर सहज जातात. वरच्या पातळीच्या नुसत्या बुटाचे पाचशे ते हजार डॉलर, खालचं पातं किंवा चाकांची फ्रेम वेगळी, कस्टम्स आणि कुरिअर वेगळं. आणि मापाने शिवलेला बूट परत घेत नाहीत. घेणार तरी कसा, जगात दुसऱ्या कुणाला तो बसणार नाही.

अशा वेळी आईवडील जे करतात ते समजण्यासारखं आहे. एवढे पैसे घातले म्हटल्यावर दुखणं ऐकू येत नाही. ‘नवीन आहे, होईल सैल.’ कोल्हापुरी होते सैल. कार्बनचा तळ होत नाही. आणि वाढत्या वयात, एक साइझ मोठा घेऊन ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ हा आपला शाळेच्या गणवेशातला शहाणपणा इथे उलटतो. मोठ्या बुटात पाय हलतो, मूल लेस आवळतं, पुढचं वर सांगितलंच आहे. पेनकिलरचा स्प्रे किट-बॅगेत ठेवून सरावाला जाणारी अकरा-बारा वर्षांची मुलं हा विनोदाचा विषय नाही.

आणि हे सगळं कोणत्या शहरात? ज्याच्या पोटात धारावीची चामड्याची गल्ली आहे, कुर्ला-चेंबूरला ठक्कर बाप्पा कॉलनी आहे, जिथे दहा बाय बाराच्या खोल्यांत फर्म्यावर अप्पर ओढून हाताने बूट-सँडल तयार होतात आणि दुसऱ्याच्या लेबलखाली दुकानांत जातात. रांपी आणि आरी चालवणाऱ्या या हातांना चामडं कुठे ताणतं आणि कुठे फाटतं हे कुणी शिकवलेलं नाही असं नाही, पिढ्यांनी शिकवलंय. हार्लिकच्या बाकावर जे घडतं त्यातलं शिवणीचं एकही काम या खोल्यांना अशक्य आहे असं मला वाटत नाही. काय नाही? कडक तळाचं तंत्र, पातं बसवायला लागणारी अचूक पातळी, आणि वर्षाला पुरेशी गिऱ्हाइकं. पहिल्या दोन गोष्टी शिकता येतात. तिसरी नसल्यामुळे कुणी शिकत नाही.

पण त्याखाली अजून एक कारण आहे, आणि ते खेळाचं नाही. सॅन कार्लोसमधला कारागीर बुटावर आपलं नाव घालतो. आपल्याकडे दुसऱ्याच्या पावलाला हात लावून माप घेणं हे काम ज्यांच्या वाट्याला ठेवलं, त्यांचं नाव वस्तूवर येऊ नये अशीच व्यवस्था होती. कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तोही गावांच्या नावाने. जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशीच चप्पल चालवली तेव्हा सुरुवातीला तेवढंही नाव नव्हतं, आणि आपण सगळे खवळलो. खवळलो ते बरंच केलं. पण ज्याने तुमच्या मुलीचे शाळेचे बूट शिवून दिले, त्या नाक्यावरच्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का, हा प्रश्न मला मिलानपेक्षा जवळचा वाटतो. फिटर हा शेवटी तोच माणूस आहे, फक्त कॅनडात त्याला ओव्हन आणि खुर्ची मिळते.

तेव्हा निवड करायची तर माझं मत असं. पाय वाढता असेल, चौदा-पंधरापर्यंत, तर ‘कस्टम’च्या वाटेला जाऊच नका. जॅक्सनसारखा तापवता येणारा, पंज्याला मोकळा, मुलीच्या आजच्या उड्यांना पुरेल एवढाच कडक बूट. हवेतल्या चौपट उडीसाठी बनवलेला बूट एकेरी उडी मारणाऱ्या पायाला खिळवून ठेवतो, वाकूच देत नाही. वाचलेले पैसे बंगळुरू, गुरुग्राम, दुबई, जिथे कुणी नीट बसवून देणारं भेटेल तिथल्या तिकिटाला. पाय वाढायचा थांबला आणि तो पुढून पसरट, मागून बारीक असेल, तर चामड्याचा मापाचा बूट, वजन सोसून. तो इथल्या हातांनाही उघडता-शिवता येतो. एडेआ तेव्हाच, जेव्हा आधी दुसऱ्या कुणाचा त्याच मापाचा बूट घालून अर्धा तास उभं राहता आलं असेल.

आणि खोका घरी आला की लगेच लेस ओवू नका. आधी आतला सोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा, त्यावर मुलीला अनवाणी उभं करा, पूर्ण वजन टाकून. पंजा कडेबाहेर सांडतोय का बघा. मग बूट घाला, लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे तुमचं एक बोट जायला हवं, दोन नाही. लेस बांधा, टाच मागे ठोकून बसवा, गुडघे वाकवायला सांगा आणि टाच जागची उठते का ते पाहा. खाली पातं किंवा फ्रेम बसवायच्या आधी, गादीवर पाय ठेवून, सलग अर्धा तास. एकदा स्क्रूचं भोक पडलं की कुठलीही कंपनी तो बूट नवा मानत नाही.